फोन आपटायला शिकवा

गेल्या वर्षी माझ्या काकांना 'डिजिटल अरेस्ट' झाली, म्हणजे नकली पोलिसांनी त्यांना व्हिडिओ कॉलवर डांबून ठेवलं. हे लिहू का म्हणून त्यांनाच विचारलं. म्हणाले, "नाव टाकू नकोस, बाकी सगळं लिही."

काका जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. साताऱ्यात असतात. सकाळी दहाच्या सुमारास फोन आला. आधी रेकॉर्ड केलेला आवाज : ट्रायकडून, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडून बोलतोय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. काकांनी नऊ दाबला. तिथून फोन गेला 'मुंबई पोलिसां'कडे. तुमच्या आधारवर एक सिम निघालंय, त्यावरून मनी लाँडरिंग झालंय, ताबडतोब व्हिडिओ कॉलवर या.

आता पुढचं ऐका. काका बनियनवर होते. साहेब समोरून बोलणार म्हणून ते आत गेले, इस्त्रीचा शर्ट घातला, गळ्याचं बटणसुद्धा लावलं, मोबाईल तांब्याला टेकवून ठेवला आणि समोर ताठ बसले. दोन दिवस. काकूला सांगितलं, पेन्शनचं काम चाललंय, आत येऊ नकोस. दुपारी तिच्या बीपीच्या गोळीची वेळ झाली तेव्हा त्यांनी त्या चोराला विचारलं, "साहेब, मिसेसना गोळी द्यायची आहे, दोन मिनिटं उठू का?" साहेबांनी परवानगी दिली. फोन बरोबर नेण्याच्या अटीवर.

पहिल्या दिवशी 'पडताळणीसाठी' अडीच लाख आरटीजीएस झाले. चौकशी संपली की परत मिळणार होते. दुसऱ्या दिवशी एफडी मोडायला काका बँकेत गेले, शर्टाच्या खिशात कॉल चालूच. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, मुदतीला चारच महिने राहिलेत, आत्ता मोडलीत तर व्याज जाईल. एवढी काय निकड?" काकांनी पढवलेलं उत्तर दिलं, "नातवाच्या ॲडमिशनला." ती सहज म्हणाली, "अरे वा, कुठे घेतोय?" आणि काका गप्प. आयुष्यभर पोरांची खोटी कारणं पकडणाऱ्या माणसाला स्वतःला एक कारण धड रचता येईना. त्या मुलीचं लक्ष खिशातल्या उजेडाकडे गेलं. तिने पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर लिहिलं, 'फोनवर कोण आहे?' आणि स्लिप पुढे सरकवली. काकांनी खाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पोलीस'.

तिने हात पुढे करून फोन मागितला आणि कापला. मग 1930 लावला, सायबर फसवणुकीची तक्रार घेणारा सरकारी नंबर. मग मला.

तोवर ते अडीच लाख तीन-चार खात्यांत फुटले होते. नव्वद हजार एका खात्यात गोठवता आले, ते कोर्टाच्या आदेशाने सात महिन्यांनी परत मिळाले. बाकीचे गेले.

नातेवाइकांच्या ग्रुपवर कळल्यावर पहिला मेसेज काय आला असेल? "एवढे शिकलेले असून कसे फसले?" त्याच्याखाली तीन आश्चर्यचकित तोंडं.

मला विचाराल तर काका फसले ते वळणापायी. फोनवर हळू बोलावं, समोरच्याचं पूर्ण ऐकावं, ठेवण्याआधी 'ठेवू का' विचारावं, सरकारी माणूस बोलत असेल तर उलट उत्तर देऊ नये. तोंडावर फोन ठेवणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. हे सगळं काकांनीच मला लहानपणी शिकवलं. त्या टोळीला ओटीपी लागला नाही, लिंक लागली नाही. हे वळण पुरलं. माणूस फोन कापत नाही एवढी खात्री त्यांना असली की बास.

आणि माहिती नव्हती असंही नाही. 27 ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्वतः सांगितलं होतं की डिजिटल अरेस्ट असला काही प्रकार कायद्यात नाही. काकांनी तो कार्यक्रम ऐकला होता, ते दर महिन्याला ऐकतात. सावध करणाऱ्या त्या कॉलर ट्यूनला तर आपण सगळ्यांनी शिव्या घातल्या. डोक्याला ठाऊक असतं हो, पण 'साहेब' म्हटल्यावर अंगठा लाल बटणाकडे जात नाही.

म्हणून आम्ही तालीम घेतली. हसू नका. माझा भाचा रोज वेगवेगळ्या नंबरवरून फोन करायचा, कधी कुरिअरवाला, कधी वीज कंपनीचा माणूस, "आज रात्री साडेनऊला लाईट कापणार". काकांचं पहिलं उत्तर असायचं, "जरा थांबता का, चष्मा आणतो." आठ दिवस तेच. काकूला मात्र शिकवावं लागलं नाही. तिने पहिल्याच फोनला "मेल्या, तुला दुसरा धंदा नाही का" म्हणून फोन आपटला. (भाच्याला खरंच वाईट वाटलं. मी त्याला सांगितलं, पलीकडे फोन करणाऱ्यांतही काही पोरं नोकरीच्या आमिषाने म्यानमार-कंबोडियात नेऊन कोंडलेली असतात. पण म्हणून त्यांच्याशी गप्पा मारत बसायच्या नाहीत.)

एक प्रश्न राहतोच. काकांचा पत्ता आणि आधार नंबर त्या टोळीकडे आला कुठून? नेमकं कधीच कळणार नाही. पण काकांच्या कपाटात आधारच्या झेरॉक्सचा गठ्ठा सापडला, 'लागतील म्हणून' काढून ठेवलेल्या. लॉज, सिमचं दुकान, गॅस, भाडेकरार, पतसंस्था, जो मागेल त्याला एक. सगळा नंबर छापलेला, वर कसलीही खूण नाही. आता ते फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार देतात आणि वर कशासाठी दिलं ते तारखेसह पेनाने लिहितात. आधारच्या ॲपमधून बोटांचे ठसेही लॉक केलेत. जमिनीच्या दस्तांवरचे अंगठे उचलून आधारला जोडलेल्या खात्यांतून पैसे काढल्याचे गुन्हे आपल्या देशात नोंदले गेलेत, त्यामुळे याला कुणी वेडेपणा म्हणू नये.

आणि ते 'कसे फसले' वालं वाक्य. कृपा करून कुणाला म्हणू नका. काका पहिल्या रात्री जागे होते. त्यांना शंका आली होती, त्यांनी मला नंतर सांगितलं. पण मला फोन केला नाही, कारण मी हेच म्हणेन अशी भीती. त्या रात्रीच 1930 लावला असता तर बहुधा नव्वदच्या वर बरेच हजार सापडले असते. पैसे दर तासाला पुढच्या खात्यात सरकत असतात, आणि आपण तोंड कसं दाखवायचं या विचारात बसतो. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम बरेच जण सांगतात, कामाच्या तीन दिवसांत कळवलं की सगळे पैसे परत. तो बाहेरच्या बाहेर कुणीतरी परस्पर काढलेल्या पैशांसाठी. स्वतः सही करून पाठवलेल्यांना तो नियम लागू होत नाही, तिथे फक्त घाई उपयोगी पडते.

परवा मी ऑफिसच्या लँडलाइनवरून काकांना फोन लावला. "हॅलो काका, मी..." एवढं म्हणेपर्यंत कट. पुन्हा लावला, पुन्हा कट. शेवटी मोबाईलवरून केला तेव्हा उचलला. सगळं ऐकून घेतलं, मग खाली आवाजात म्हणाले, "फार उद्धटपणा झाला का गं माझा?"