सेन्सरचा दिवा लागतो, इनपुट येत नाही!

किती वेळा सांगायचं? सेन्सर बसवण्याआधी पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटचा कॉमन, म्हणजे सगळ्या इनपुटचं सामाईक टोक, कुठे जोडलाय ते बघा! परवा रात्री दोन वाजता पुन्हा तेच. लाइन बंद, फोन मला. “साहेब, सेन्सरचा दिवा लागतोय, पीएलसीच गेलाय.” पीएलसीला काय धाड भरलीय? कॉमन शून्य व्होल्टला आणि स्टोअरमधून आणून लावलाय एनपीएन सेन्सर! तो आउटपुट शून्याकडेच ओढतो. मग इनपुटला 24 व्होल्ट मिळणार कुठून? तिथे आउटपुटला 24 व्होल्ट देणारा पीएनपीच लागतो. सेन्सरवर छापलेलं असतं, वाचायला काय होतं? तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. एवढंच तर आहे!

आणि वायरींना फेरूल नंबर (टोकाला लावायचे ओळखीचे नंबर) का नसतात? 415 व्होल्टच्या मोटर केबलशेजारी सिग्नलची वायर कोण कोंबतं? मग मोटरचा विद्युत गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो, काउंटर आपोआप पळतो आणि दोष प्रोग्रामला.

खरा संताप येतो तो इमर्जन्सी स्टॉप बघून. एनओ कॉन्टॅक्टवर (एरवी उघडा, दाबल्यावर जुळणारा) जोडलेला! वायर तुटली तर कळणार कुणाला? बटण दाबलं तरी मशीन चालूच राहणार. आत माणसाचा हात असतो हो! एनसीवर (एरवी जुळलेला, दाबल्यावर उघडणारा) घ्या. आजच घ्या.