'एफडी मोडा, पण बँकेची पायरी चढू नका' म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास डोकं वर काढतो. वर लाल दिवे, खाली 'प्रत्येक पालकाने वाचलाच पाहिजे'. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शैक्षणिक कर्ज हा मध्यमवर्गीयांसाठी लावलेला सापळा आहे. पहिल्या दिवसापासून चक्रवाढ व्याज लागतं आणि शिकून होईपर्यंत चार लाखांचे आठ लाख होतात. घर गहाण टाकल्याशिवाय बँक दारात उभं करत नाही. शिष्यवृत्त्या आरक्षणवाल्यांना, ओपनवाल्यांच्या नशिबी कर्जच. तेव्हा एफडी मोडा, सोनं ठेवा, पण बँकेची पायरी चढू नका. आणि शेवटी, ज्यांनी आधीच कर्ज काढलंय त्यांना सल्ला: हप्ते भरू नका, सरकार माफ करणार आहे.

म्हणजे कर्ज तुम्हाला बुडवतं हेही खरं, आणि तुम्ही कर्ज बुडवा हेही खरं. एकाच मजकुरात.

मी बँकेच्या कर्ज विभागात नोकरी करून निवृत्त झालो, नेरूळला राहतो. जून-जुलैत शेजारपाजारची मुलं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कागद घेऊन येतात, त्यामुळे हा फॉरवर्ड कुणाला कुठे घाबरवतो ते समोर दिसतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी व्याज. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरच्या एक वर्षात (बँकेच्या भाषेत मोरॅटोरियम) लागतं ते सरळव्याज. शिवाय ते मंजूर रकमेवर लागत नाही, त्या त्या वर्षी कॉलेजकडे प्रत्यक्ष गेलेल्या पैशांवर लागतं. हिशेब सोपा जावा म्हणून दर दहा टक्के धरू आणि चार वर्षं दर वर्षी एक लाख उचलले असं समजू. हप्ता सुरू व्हायच्या वेळी पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस, चौथ्यावर वीस. एकूण एक लाख चाळीस हजार. चार लाखांचे झाले पाच लाख चाळीस हजार. आठ नाही.

आता इथे फॉरवर्डवाल्याला एक माप पदरात टाकायला हवं. ते साठलेलं व्याज हप्ते सुरू होताना मुद्दलात मिसळतं आणि मग मात्र व्याजावर व्याज सुरू होतं. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता साधारण ७,१३६ रुपये बसतो आणि शेवटपर्यंत तुम्ही साडेआठ लाखांच्या थोडं वर भरता. आठ लाखांचा आकडा बहुधा तिथूनच आला असावा, फक्त 'शिकून होईपर्यंत' हे शब्द त्याला वरून चिकटवलेत. पण हेच व्याज घरच्यांनी शिक्षण चालू असतानाच दर महिन्याला भरत नेलं, पहिल्या वर्षी महिना ८३३ रुपये, चौथ्या वर्षी ३,३३३, तर हप्ता ५,२८६ वर येतो आणि सगळं मिळून ब्याऐंशी हजारांच्या आसपास वाचतात. काही बँका असं व्याज वेळच्या वेळी भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. अर्ज करतानाच विचारा. आपणहून सांगतीलच असं नाही.

आणि मुलाला चांगली नोकरी लागून कर्ज आधीच फेडावंसं वाटलं तर? एखाद्या व्यक्तीने बदलत्या दराने घेतलेल्या मुदत कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच मनाई केली आहे. पंधरा वर्षांची मुदत घेतली म्हणजे पंधरा वर्षं भरत बसायचं, असं नाही.

दुसरा मुद्दा घर गहाण टाकण्याचा. नवी मुंबईत या एका वाक्याने जेवढी मुलं मागे फिरतात तेवढी बाकी कशाने फिरत नसतील. कारण इथली घरंच तशी आहेत. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची, गहाण ठेवायला सिडकोची एनओसी लागते. आणि करावे-दारावे, घणसोलीसारख्या गावठाणांत गरजेपोटी बांधलेल्या घरांचे तर बँकेला चालतील असे कागदच नसतात. ठाण्यात जुन्या इमारती पुनर्विकासाच्या रांगेत. त्यामुळे 'घर गहाण लागतं' म्हटलं की बाप गप्प होतो आणि विषय संपतो. ज्यांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं त्यांच्याच नातवंडांनी कागदाअभावी मागे फिरावं, हे मला व्यक्तिशः सहन होत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा जुना नियम. २०१५ पासून केंद्राची क्रेडिट गॅरंटी योजना आहे, तिच्यात साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण नाही आणि तिसरा जामीनदारही नाही. कर्ज बुडालं तर बुडालेल्या रकमेच्या ७५ टक्क्यांची हमी सरकारी ट्रस्टची. त्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. राष्ट्रीय क्रमवारीत वर असलेल्या संस्था, सुरुवातीच्या यादीत ८६०, यांपैकी कुठे गुणवत्तेवर प्रवेश मिळाला असेल तर तारण आणि जामीनदार दोन्हीशिवाय कर्ज. लागतो तो सहकर्जदार, म्हणजे आई किंवा वडील. सहकर्जदार म्हणजे गहाणखत नव्हे, पण कर्ज त्यांच्याही नावावर असतं, हे पुढे उपयोगी पडणार आहे.

काउंटरवर प्रत्यक्षात काय होतं तेही सांगतो, कारण नियम आणि काउंटर यांच्यात एक टेबल असतं. पाच लाखांचा अर्ज असतो आणि साहेब हळूच म्हणतात, "एखादी एफडी आहे का? एलआयसीची पॉलिसी असेल तर घेऊन या, काम लवकर होईल." किंवा, "तुमचा पत्ता आमच्या एरियात येत नाही." अशा वेळी भांडू नका. 'तारण लागेल असं आपण म्हणता, ते कृपया लेखी द्या' एवढंच म्हणा. लेखी देणारा माणूस मी पाहिलेला नाही. आणि अर्ज तोंडी चौकशीत अडकवण्यापेक्षा विद्यालक्ष्मी पोर्टलवर भरा, म्हणजे त्याला नंबर असतो, तारीख असते, आणि नाकारायचं तर कारण नोंदवावं लागतं.

साडेसात लाखांच्या वर आणि यादीबाहेरच्या कॉलेजसाठी, किंवा परदेशासाठी, तारणाचा प्रश्न खरोखरच येतो. तिथे फॉरवर्ड अगदीच खोटा नाही. पण इथल्याच कॉलेजात कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, इंजिनीअरिंगला लागलेल्या मुलीला परदेशी एमएसचे नियम सांगून घाबरवायचं, हा कुठला न्याय?

शिष्यवृत्तीचा मुद्दा सगळ्यांत जास्त लाइक मिळवतो आणि सगळ्यांत चुकीचा आहे. राज्याची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना खुल्या प्रवर्गासाठीही आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्कात पन्नास टक्के सवलत. आठ लाख म्हणजे महिन्याला सहासष्ट हजारांच्या वर. ठाण्यातली कितीतरी ओपनमधली घरं यात बसतात आणि त्यांना ते ठाऊकच नसतं. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत शिक्षण आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ केलंय. म्हणजे ज्या मुलीसाठी बाप चार लाखांचं कर्ज शोधत फिरतोय, तिची गरज कदाचित लाखभराचीच असेल: डेव्हलपमेंट फी, प्रवास, लॅपटॉप.

पण या सगळ्याला एक अट आहे, आणि फॉरवर्डमध्ये तिचा मागमूस नाही. प्रवेश कॅपमधून झालेला हवा. तोच वर्ग, तोच बाक, तेच सर. पण कॅपमधून आलेल्याला सवलत आणि मॅनेजमेंट कोट्यातून किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलला सीट घेतलेल्याला शून्य. पीएम विद्यालक्ष्मीही मॅनेजमेंट कोट्याला चालत नाही. दुसऱ्या राऊंडला वैतागून 'जाऊ दे, कोट्यातून घेऊन टाकू' म्हणणाऱ्या आईवडिलांना हे कुणी सांगत नाही, की त्या एका सहीने चार वर्षांची फी-सवलत गेली आणि कर्जाची रक्कमही फुगली. खरा पैशांचा निर्णय तिथे होतो, बँकेत नंतर फक्त आकडा टाइप होतो. माझ्या मते पंधरा लाख काढून कोट्याची सीट घेण्यापेक्षा एक पायरी खालचं कॉलेज कॅपमधून घ्यावं. कोट्यातून घेणारा मूर्ख असतो असं नाही. पण त्याला किंमत आधी कळलेली असायला हवी.

शाहू योजनेत कुटुंबातल्या पहिल्या दोनच मुलांना लाभ मिळतो, आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, फॉर्म १६ दाखवून भागत नाही. ऐरोली, वाशी, नेरूळवाल्यांचा तालुका ठाणे. खारघर, कामोठ्याचा पनवेल. चुकीच्या तालुक्यात अर्ज टाकून आठवडे घालवणारे दर वर्षी असतात. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अडकतं ते तर भलत्याच ठिकाणी: दाखल्यावर 'बाळकृष्ण' आणि आधारवर 'बाळक्रिष्ण', किंवा मुलाच्या खात्याला आधार जोडलेलंच नाही. हे दुरुस्त करायला जुलै उजाडायची वाट बघू नका. आणि अर्ज दर वर्षी नव्याने करावा लागतो, पहिल्या वर्षी मिळाली म्हणून पुढे आपोआप मिळत नाही.

व्याजसवलतीलाही अशाच अटी आहेत. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थांतल्या तांत्रिक-व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मोरॅटोरियममधलं सगळं व्याज केंद्र भरतं. पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंतच्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर त्या काळात तीन टक्के व्याजसवलत आहे, मात्र दुसऱ्या सरकारी शिष्यवृत्तीचा किंवा व्याजसवलतीचा लाभ मिळत असेल तर ही नाही, आणि वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरतीच. मुलाने अधेमधे शिक्षण सोडलं तर व्याजाचा लाभ थांबतो. या अटी पोर्टलवर आहेत, फॉरवर्डमध्ये नसतात.

एफडी मोडा, सोनं ठेवा, यावर फार बोलायला नको. जादाची एफडी असेल आणि तिच्यावर कर्जापेक्षा कमी व्याज मिळत असेल तर जरूर मोडा, त्यात गैर काय? पण ती म्हातारपणाची किंवा दवाखान्याची शिदोरी असेल तर पहिल्याच वर्षी हात लावू नका. तिच्या व्याजातून कर्जाचं चालू व्याज भरा, वर हिशेब दिलाच आहे. सोनेतारण बहुतेक वर्षभराचं असतं, वर्षाअखेर मुद्दल उभं करा नाहीतर नूतनीकरणाच्या चकरा. पर्सनल लोनचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो, मुलगा तेव्हा पहिल्या सेमिस्टरला असतो. आणि यातलं कुठलंच ८०-ई मध्ये बसत नाही. ही ८०-ई म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची, १९६१ च्या आयकर कायद्यातली वजावट: फक्त व्याजावर, रकमेची मर्यादा नाही, आठ वर्षं. पण नव्या करप्रणालीत ती मिळत नाही आणि आता तीच प्रणाली आपोआप लागू होते. तेव्हा कर्जाची बाजू मांडणाऱ्या दुसऱ्या फॉरवर्डमध्ये 'सगळं व्याज टॅक्समधून वसूल' असं वाचलंत तर तेही सोडून द्या.

राहता राहिली माफी. शेतकरी कर्जमाफी राज्यात २०१७ मध्ये झाली, २०१९ मध्ये झाली, मग आमची का नाही, असा सूर असतो. शैक्षणिक कर्जाची तशी सरसकट माफी केंद्राने कधी केलेली नाही. जवळचं उदाहरण: २०१४ च्या हंगामी अर्थसंकल्पात, मार्च २००९ पर्यंत काढलेल्या कर्जांवर डिसेंबर २०१३ अखेर थकलेलं व्याज केंद्राने स्वतःकडे घेतलं. व्याज, मुद्दल नाही. त्यापुढचं व्याज कर्जदारानेच भरायचं होतं. मध्यंतरी अमेरिकेतल्या माफीच्या बातम्यांची कात्रणं आपल्याकडे फिरली. ती घोषणा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये रद्द केली. आणि ती झाली असती तरी ठाण्याच्या पोराचा हप्ता त्याने कसा कमी होणार होता?

हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग मुलाचाही आणि सहकर्जदार बापाचाही. वर म्हटलं होतं ना, उपयोगी पडणार आहे? धाकट्या बहिणीच्या कर्जासाठी तोच बाप पुन्हा सहकर्जदार म्हणून बसतो, तेव्हा ते समोर येतं.

नोकरी लागली नाही तर न भरता गप्प बसू नका, नव्वद दिवसांच्या आत शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. बँकांच्या संघटनेच्या, म्हणजे इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेत बेरोजगारीच्या काळासाठी हप्ते पुढे ढकलायची सोय आहे, सहा महिन्यांपर्यंत, कर्जाच्या मुदतीत दोन-तीनदा. सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारा हप्ताही मागता येतो. अर्जासोबत पदवीची प्रत जोडा, नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ईमेल छापून लावा, आणि दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का आणि आवक तारीख घ्यायला विसरू नका.