दोन संघांची लीग ही लीगच आहे: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाजवळच्या सिली बेटांवरील दोनच संघांच्या फुटबॉल लीगविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, आणि लगेच उत्तर लिहिले असते तर माझाही तोल गेला असता, म्हणून दोन दिवस थांबलो. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: लेखात अंतराची चूक आहे, ही लीग एका जाहिरातीमुळे नावारूपाला आली, कोल्हापूरचा माणूस असून मी गोऱ्यांच्या फुटबॉलचे गोडवे गातो, आणि सर्वांत महत्त्वाचे, आपल्याच शब्दांत, "दोन संघ दर रविवारी एकमेकांशीच खेळतात त्याला लीग म्हणत नाहीत, टाइमपास म्हणतात."

चूक आधी मान्य करतो. ही बेटे कॉर्नवॉल या इंग्लंडच्या नैऋत्येकडील परगण्याच्या टोकापासून 28 किलोमीटरवर आहेत असे मी लिहिले होते. ते अंतर 28 मैल, म्हणजे सुमारे 45 किलोमीटर आहे. लेखात दुरुस्ती केली आहे. आपण ती निदर्शनास आणून दिलीत याबद्दल मनापासून आभार. मात्र तेवढ्यासाठी "नकाशा तरी उघडून बघायचा होता" असे लिहिण्याची गरज होती का, याचा आपणच विचार करावा.

आता "टाइमपास" या शब्दाविषयी. मतभेद मला नवे नाहीत, परंतु ज्या माणसांना आपण पाहिलेले नाही, ज्यांच्या मैदानावर आपण उभे राहिलेला नाहीत, त्यांच्या अनेक वर्षांच्या मेहनतीवर एका शब्दात पाणी ओतणे मला पटत नाही. लीग म्हणजे किमान इतके संघ, असा नियम कोणी कधी केला? 1888 साली इंग्लंडमध्ये जगातील पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात बारा संघ होते, आणि ते बाराच का, तर सामन्यांसाठी वर्षात बावीसच तारखा मोकळ्या सापडल्या म्हणून. म्हणजे आद्य लीगचा आकारही सोयीने ठरला. ठरलेले वेळापत्रक, विजयाला गुण, बरोबरीला गुण, गुणतक्ता, रेफरी आणि हंगामाअखेर एक विजेता, इतके असले की लीग होते. सिली बेटांवर हे सगळे आहे आणि इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनची मान्यताही आहे. ज्या संघटनेने 1863 साली या खेळाचे नियम लिहून काढले तिला ती लीग वाटते. आपल्याला वाटत नाही.

संघ दोनच का, हे मी लेखात लिहिले होते, पण आपण बहुधा तिथपर्यंत वाचले नसावे, म्हणून पुन्हा सांगतो. वस्ती असलेली पाच बेटे मिळून लोकसंख्या साधारण 2,100 आहे. त्यांतून लहान मुले, म्हातारी माणसे आणि खेळात रस नसलेले वगळले की अकरा-अकराचे दोन संघ आणि थोडे राखीव खेळाडू उभे करणे हीच मोठी गोष्ट ठरते. उन्हाळ्यात बेटांचे पोट पर्यटकांवर चालते, शिवाय लाकडी होड्यांच्या वल्हवण्याच्या शर्यती असतात, त्यामुळे फुटबॉल हिवाळ्यातच होऊ शकतो. हिवाळ्यात प्रवासी जहाज बंद असते. उरतात ती छोटी विमाने आणि हेलिकॉप्टर, आणि धुके पडले की तीही जागची हलत नाहीत. अशा ठिकाणच्या संघाने दर आठवड्याला मुख्य भूमीवर सामना खेळायला जावे, ही आपली सूचना कागदावरच शोभते. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला दोन कर्णधार बसतात, उपलब्ध खेळाडू आळीपाळीने निवडतात, आणि गॅरिसन गनर्स व वुलपॅक वाँडरर्स हे दोन संघ तयार होतात. गेल्या वर्षी ज्याच्याकडे पास दिला त्यालाच यंदा अडवायचे, असे सहज घडते. मग डझनाहून अधिक वेळा तेच दोन संघ समोरासमोर येतात, शिवाय दोन चषक खेळतात. मुख्य भूमीवरच्या, कॉर्नवॉलमधील पेन्झान्स शहराकडील डायनॅमो चफ्स या संघाशी बेटांच्या निवडक खेळाडूंचा वार्षिक सामनाही होतो. तेव्हा ही माणसे बाहेरच्यांना घाबरून घरात बसली आहेत, असा जो सूर आपण लावला आहे तो साफ चुकीचा आहे.

उलट, तोच प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा समोर असणे हे अधिक कठीण आहे. मी स्वतः शाळा आणि कॉलेज मिळून आठ वर्षे बचावफळीत खेळलो, गुडघा निकामी झाला तेव्हा खेळ सुटला. अनोळखी फॉरवर्डला एकदा चकवता येते. ज्याने आपल्याला पंधरा रविवार पाहिले आहे, ज्याला आपण घाईत चेंडू नेहमी डाव्या पायावर घेतो हे ठाऊक आहे, त्याला सोळाव्यांदा काय दाखवणार? हे ज्याने अनुभवले आहे तो "टाइमपास" हा शब्द लिहिताना थबकेल. तुम्ही थबकला नाहीत.

जाहिरातीचे म्हणाल, तर आदिदासने 2008 मध्ये बेकहॅम, जेरार्ड वगैरे नामांकित फुटबॉलपटूंना त्या मैदानावर नेले हे खरे आहे, परंतु दोन्ही संघ सध्याच्या नावांनी 1984 पासून खेळत आहेत आणि त्याआधीही रेंजर्स व रोव्हर्स या नावांनी खेळतच होते. त्यावर अधिक लिहीत नाही.

कोल्हापूरविषयी मात्र एवढेच, की मला कोल्हापूर शिकवू नका. मी शिवाजी पेठेत वाढलो. पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांचा सामना शाहू स्टेडियमवर वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिला आहे. पेठेपेठेतल्या तालमींनी फुटबॉल कसा जगवला हे पाहिले, म्हणूनच दोन हजार वस्तीच्या बेटांनी तो कसा जगवला याचे मला अप्रूप वाटले. एकाचे कौतुक केले की दुसऱ्याचा अपमान होतो, हा हिशेब तुमचा आहे, माझा नाही.

शेवटी तुम्ही विचारले आहे की असल्या लीगमध्ये हरणाऱ्याला वाईट तरी कशाचे वाटणार. मी पेन्झान्समध्ये सात वर्षे फार्मासिस्ट होतो. एका फेब्रुवारीत सेंट मेरीज या सिलीतल्या सर्वांत मोठ्या बेटावर गेलो, तटबंदीच्या आतल्या त्या उतरत्या मैदानाच्या कडेला रविवारी सकाळी उभा राहिलो. मोजून अकरा प्रेक्षक आणि एक कुत्रा. वारा इतका की गोलकिकसाठी ठेवलेला चेंडू दोनदा घरंगळला आणि तिसऱ्या वेळी एका खेळाडूने पालथे पडून तो बोटाने धरून ठेवला. शेवटच्या काही मिनिटांत एकमेव गोल झाला, गोलरक्षक हात वर करून ऑफसाइड मागत राहिला, रेफरीने दिला नाही. दुसऱ्या दिवशी धुक्यामुळे माझे विमान सुटले नाही, म्हणून ब्रेड घ्यायला दुकानात गेलो. गल्ल्यावर तोच गोलरक्षक होता. माझ्या पुढे रांगेत गोल करणारा उभा होता. त्याने दूध आणि वर्तमानपत्र ठेवले, पैसे दिले. गोलरक्षकाने सुट्टे पैसे त्याच्या हातावर मोजले, मूठ मिटू दिली नाही, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "तू पुढे होतास." दुसऱ्याने मान खाली घातली आणि काही न बोलता दूध उचलून बाहेर पडला.