टी. बी. वॉकरची ती पोस्ट: लायब्ररी कुणी दिली आणि पाइन कुणाचं होतं

परत एकदा ती पोस्ट फिरायला लागलीये. आधी इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या मराठी ग्रुपवर आली, मग पुण्याच्या मावसभावाने पाठवली, मग "तुमच्या गावचा माणूस ना हा?" म्हणून शाळेच्या ग्रुपवर, म्हणजे आता उत्तर लिहायलाच पाहिजे. ज्यांना आली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. थॉमस बार्लो वॉकर नावाचा गरीब पोरगा १८६२ साली धार लावायचे दगड विकत मिनेसोटात आला, "ओसाड पडलेली" जंगलं मेहनतीच्या पैशाने विकत घेतली, लाकडात करोडपती झाला, आणि "सरकारचा एक पैसा न घेता" मिनियापोलिसला लायब्ररी बांधून दिली, म्युझियम दिलं, हॉस्पिटल दिलं. शेवटी ठरलेली ओळ, आपल्या बिल्डरांनी यातून काहीतरी शिकावं. खाली हात जोडलेले इमोजी.

माणूस खरा आहे आणि शहरासाठी त्याने केलंही भरपूर. माझा राग त्याच्यावर नाहीये, पोस्टमधल्या हिशोबावर आहे.

"गरीब पोरगा, नुसत्या मेहनतीवर"

दगडांची गोष्ट बरोबर असावी, त्याच्या सगळ्या चरित्रांत ती सांगतात. पण दगड विकून कोणी जंगल घेत नाही हो. वॉकरला खरा हात दिला तो सर्व्हेच्या कामाने. मिनेसोटात आल्या आल्या तो सरकारी जमीन मोजणाऱ्या टीमबरोबर उत्तरेच्या पाइनच्या जंगलात गेला, नंतर रेल्वेसाठी मोजणी केली. आता त्या काळी सरकारी जमिनीचा किमान भाव होता एकरी सव्वा डॉलर. एक सेक्शन म्हणजे ६४० एकर, म्हणजे ८०० डॉलरला अख्खा चौरस मैल, आणि भाव सगळीकडे तोच, मग त्यावर दलदल असो नाहीतर दोन माणसांच्या कवेत न मावणारा व्हाइट पाइन. मग पैसा कुठे आहे? पैसा कुठला चौकोन घ्यायचा हे माहिती असण्यात आहे, आणि ते माहिती कोणाला, तर जो मोजणीची साखळी घेऊन तिथून चालत गेलाय त्याला. स्वतःचं भांडवल नव्हतं म्हणून १८६०च्या दशकाच्या शेवटी बटलर आणि मिल्स हे पैसेवाले पार्टनर आले, पैसा त्यांचा आणि जंगलाची माहिती वॉकरची. मेहनत होतीच, डासांत आणि बर्फात महिनोन्महिने राहायचं म्हणजे चेष्टा नाही. फक्त ही स्टोरी आपल्याला इतकी ओळखीची आहे की आश्चर्य वाटतं लोकांना दिसत कशी नाही. रिंग रोड कुठून जाणार हे ज्याला आधी कळतं तो जमीन आधी घेतो, बास.

"ओसाड पडलेली जंगलं"

इथे मात्र मला थांबायचंय, कारण पोस्टमधलं सगळ्यात खोटं वाक्य हेच आहे.

ते पाइन ओजिब्वे या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भूमीतलं. अमेरिकन सरकारबरोबरच्या १८३७च्या तहात एक मोठा पट्टा गेला, १८५५च्या तहात अजून मोठा गेला आणि उरलेल्यात लीच लेक तळ्याभोवती आहे तशी रिझर्व्हेशन्स (त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनी) आखली, मग १८८९च्या नेल्सन कायद्याने त्या रिझर्व्हेशनच्याही जमिनीचे तुकडे पाडून "उरलेली" जमीन आणि त्यावरचं पाइन विक्रीला काढलं. वॉकर ज्या वर्षी आला ना, १८६२, त्याच वर्षी दक्षिण मिनेसोटात डकोटा या दुसऱ्या मूळनिवासी लोकांशी युद्ध झालं आणि २६ डिसेंबरला मँकेटोमध्ये ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिली. १८८०च्या दशकात सरकारने मिसिसिपीच्या वरच्या अंगाला लीच लेक आणि विनिबिगोशिशवर धरणं बांधली, का, तर खाली जहाजांना आणि मिनियापोलिसच्या गिरण्यांना पाणी वर्षभर नीट मिळावं. ओजिब्वेंची जंगली तांदळाची तळी त्यात बुडाली. "वाळलेलं आणि पडलेलं लाकूड" विकायच्या नियमाखाली चांगली उभी झाडंसुद्धा मेलेली दाखवून कवडीमोल भावाने उचलतात ही तक्रार वर्षानुवर्षं होती, आणि १८९८ साली लीच लेकवरच शुगर पॉइंटला अमेरिकन सैन्याशी चकमक झाली तिच्यामागे हाच राग होता. त्याच तळ्याच्या काठावरच्या गावाचं नाव काय आहे बघा. वॉकर. (मजा म्हणजे गावाने नाव दिलं ते साहेब इथे मिल टाकतील या आशेने, आणि साहेबांनी मिल टाकली शेजारच्या एकलीला.)

वॉकरने स्वतः कुणाला फसवलं असं मी म्हणत नाहीये. तो ज्या बाजारात उभा होता तो बाजार कोणी आणि कसा भरवला ते सांगतोय. आणि हे काही फार जुनं झालेलं प्रकरण नाही, २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्याने लीच लेकच्या ओजिब्वेंना ११,७६० एकर जमीन परत मिळाली, म्हणजे तिथे अजून हिशोब चालू आहे.

अजून एक गोष्ट पोस्टमध्ये नाही. तोड झाल्यावर फांद्या, शेंडे, साल सगळं तिथेच पडायचं, सगळ्याच कंपन्या तसंच करायच्या, आणि कोरड्या उन्हाळ्यात ते पेटायचं. १८९४ साली हिंकलीच्या आगीत ४०० पेक्षा जास्त माणसं गेली. जंगल संपल्यावर "इथे शेती करा" म्हणून विकलेल्या जमिनींवर शेती झाली नाही, टॅक्स भरता आला नाही म्हणून त्या पुढे काउंटीकडे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासनाकडे) जमा झाल्या. वॉकरची रेड रिव्हर लंबर कंपनी तोपर्यंत कॅलिफोर्नियात पोचली होती, तिकडे ९ लाख एकरच्या आसपास जंगल घेतलं, वेस्टवुड नावाचं अख्खं कंपनीचं गाव वसवलं. पॉल बनियन हा राक्षसाएवढा लाकूडतोड्या, जो इकडे प्रत्येक पोराला माहितीये, त्याच्या गोष्टी लाकूडतोड्यांच्या तोंडी होत्याच, पण देशभर फेमस झाला तो याच कंपनीच्या १९१४ पासूनच्या जाहिरातीच्या पुस्तिकांमुळे. मार्केटिंग काय आज सुरू झालेलं नाही.

"सरकारचा एक पैसा न घेता लायब्ररी"

आता हे. पूर्ण उलटं.

मिनियापोलिसमध्ये आधी होती अथेनियम नावाची खाजगी लायब्ररी, १८६०च्या आसपासची, शेअर घ्यायचा आणि मगच पुस्तकं मिळणार. आपल्याकडच्या वर्गणी-डिपॉझिटवाल्या वाचनालयासारखीच, फक्त जरा जास्त अकडू. कर्बी स्पेन्सर नावाच्या एका डेंटिस्टने मरताना आपली मालमत्ता तिला पुस्तकांसाठी ठेवली, म्हणजे पहिला मोठा दाता तोच, आणि त्या बिचाऱ्याच्या नावाने कुठली पोस्ट फिरत नाही. वॉकर १८७०च्या दशकात तिथे शिरला आणि भांडायला लागला की ही लायब्ररी सगळ्यांना उघडी करा. शेअर घेऊन ते इतरांच्या हातात दिले, मेंबर वाढवले, जुन्या मंडळींना चांगलंच पिडलं. हे त्याचं खरं काम आणि मला विचाराल तर त्याच्या सगळ्या पैशापेक्षा मोठं काम, कारण पैसेवाला असून क्लबचं दार उघडा म्हणणारा माणूस कुठल्याही शहरात कमीच सापडतो.

पण पुढे लायब्ररी झाली कशी? १८८५ साली विधिमंडळाने कायदा करून लायब्ररी बोर्ड बनवलं, त्याला शहरात कर लावायचा अधिकार दिला, त्यातले बहुतेक मेंबर लोकांनी निवडून द्यायचे. अथेनियमची पुस्तकं करार करून त्यात आली. इमारतीसाठी शहराचा पैसा आणि लोकांची वर्गणी दोन्ही लागलं, वॉकरचीही वर्गणी होतीच, आणि १८८९च्या डिसेंबरात हेनेपिन अव्हेन्यूवर ती उघडली. वॉकर या बोर्डाचा अध्यक्ष झाला तो १८८५ ते १९२८, म्हणजे मरेपर्यंत. चाळीस वर्षांवर मीटिंगा! त्याचं कौतुक करायचं तर याचं करा ना, की पब्लिकच्या कराच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत हा माणूस इतकी वर्षं बसला. "सरकारचा पैसा न घेता" म्हणजे त्याने आयुष्यभर जे उभं केलं तेच पुसून टाकणं झालं.

आणि लायब्ररी चालवली कोणी? सुरुवातीला हर्बर्ट पटनम, जो पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसचा प्रमुख झाला. नंतर ग्रेशिया कंट्रीमन, १९०४ ते १९३६, या बाईंनी कारखान्यांत, फायर स्टेशनांत पुस्तकं नेऊन ठेवली, स्थलांतरित कामगारांपर्यंत पोचवली. शाखांसाठी काही पैसा अँड्र्यू कार्नेगी या उद्योगपतीचा आला, एका शाखेसाठी जागा वॉकरने दिली, ती खरंच दिली, त्याचं श्रेय त्याचं. पोस्टला जोडलेला फोटो मात्र आजच्या सेंट्रल लायब्ररीचा आहे, ती काचेची, सेझार पेलीने डिझाइन केलेली, २००६ मध्ये उघडलेली. तिच्यासाठी २००० साली मतदान झालं होतं आणि लोकांनी १४ कोटी डॉलरच्या कर्जरोख्यांना हो म्हटलं, जे त्यांच्याच प्रॉपर्टी टॅक्समधून फिटणार होते. तेव्हा वॉकरला जाऊन ७० वर्षं उलटून गेली होती.

"म्युझियम शहराला दिलं"

द्यायचं होतं, जमलं नाही. १८७९ला त्याने आपल्या घरालाच एक खोली जोडून पेंटिंग्ज लावली आणि कोणालाही फुकट बघायला दार उघडं ठेवलं, हे मस्तच. पुढे लोअरी हिलवरची जागा आणि अख्खा संग्रह शहराला देऊ केला, अट एवढीच की इमारत शहराने बांधायची. बोलणी रखडली, मोडली, मग १९२७ मध्ये त्याने स्वतःच गॅलरी बांधली. संग्रहात मोठमोठ्या युरोपियन नावांची बरीच चित्रं होती ती त्या चित्रकारांची नसल्याचंही पुढे निघालं, पण ते जाऊ दे, पैसेवाल्यांना तेव्हाही आणि आताही डीलर गंडवतातच. आज लोक ज्या वॉकर आर्ट सेंटरसमोर सेल्फी काढतात ते मॉडर्न आर्टचं सेंटर त्याच्या मृत्यूनंतर, १९४० ला सरकारच्या डब्ल्यूपीए या रोजगार योजनेच्या मदतीने उभं राहिलं. फ्रांझ मार्क या चित्रकाराचं निळ्या घोड्यांचं प्रसिद्ध चित्र १९४२ ला आलं. चमच्यावर चेरी ठेवलेल्या मोठ्या शिल्पाची शेजारची बाग १९८८ ची, तीही शहराच्या पार्क बोर्डाबरोबर भागीदारीत. त्याच बागेत २०१७ ला मँकेटोच्या फाशीच्या खांबाची आठवण करून देणारं एक शिल्प उभं केलं, डकोटा लोकांनी आक्षेप घेतला आणि ते उतरवावं लागलं.

"हॉस्पिटल दिलं"

हॅरिएट वॉकर. त्याची बायको. नॉर्थवेस्टर्न हॉस्पिटल १८८२ ला सुरू झालं ते बायकांनी, बायका-मुलांसाठी, आणि वर्षानुवर्षं ते हॅरिएटबाईंनी सांभाळलं. पोस्टमध्ये त्यांचं नावही नाही. आजचं ॲबट नॉर्थवेस्टर्न ते हेच.

"आपल्या बिल्डरांनी शिकावं"

कमेंटमध्ये एकाने विचारलं की मग काय, दान करणाऱ्याला शिव्या घालायच्या का. नाही हो. पुण्यात ससूनमध्ये बरे होऊन घरी गेलेल्यांनी त्या घराण्याच्या अफूच्या व्यापाराचा हिशोब मांडत बसावं असं मी म्हणणार नाही, पण "ससूनने अफूतून कमावलं" हे वाक्य इतिहासातून खोडा असंही कोणी म्हणू नये.

राहता राहिला बिल्डर. पोस्ट लिहिणाऱ्याला बहुतेक माहिती नाही की वॉकर स्वतःच बिल्डर होता. १८९०च्या सुरुवातीला त्याने आणि शहरातल्या इतर उद्योगपतींनी मिनियापोलिस लँड अँड इन्व्हेस्टमेंट कंपनी काढली आणि शेजारच्या सेंट लुईस पार्कमध्ये शेकडो एकर जमीन घेतली, कारखाने आणायचे, भोवती प्लॉट पाडायचे, दुकानं, हॉटेलं, सगळं आलं. १८८० ते १८९० मध्ये मिनियापोलिस ४६,८८७ वरून १,६४,७३८ वर गेलं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटत होतं की हे असंच चालणार. १८९३ ला मंदी आली, प्लॅन बसला, आणि वॉकर तिथून बाहेर पडून दुसऱ्या धंद्याला लागला.