‘यूज्ड बाय 0’ दिसलं म्हणून ड्रायव्हर बिनधास्त काढता येत नाही

लिनक्स ड्रायव्हर शिकणाऱ्या पोरांमध्ये एक पाच कलमी मेसेज फिरतोय, मला एकट्याला तीन ग्रुपवर आला. थोडक्यात असा आहे: एलएसमॉडमध्ये (लोड झालेल्या ड्रायव्हर मॉड्यूलांची यादी दाखवणारी कमांड) ‘यूज्ड बाय’ च्या रकान्यात 0 दिसला की आरएममॉड (मॉड्यूल काढायची कमांड) मारा, सेफ असतं, डिव्हाइस वापरात असेल तर रिमूव्ह फंक्शनमधून (डिव्हाइस सुटताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हरचं हे फंक्शन बोलावतो) ईबिझी हा ‘वापरात आहे’वाला एरर कोड परत करा, कर्नल थांबतो, डेव्हएमवाली फंक्शनं (मेमरी वगैरे डिव्हाइसच्या नावावर घेणारी) वापरली की साफसफाई आपोआप होते, डिव्हाइस कुणी उपटलं तर ‘गेलं’ असा एक फ्लॅग ठेवा आणि सगळीकडे तपासा, आणि नाहीतरी चालू सर्व्हरवर ड्रायव्हर काढतं कोण, तेव्हा फार डोकं लावू नका. प्रत्येक कलमात थोडं थोडं खरं आहे हो, म्हणूनच तर लोक डोळे झाकून पुढे ढकलतायत.

पहिलं कलम. नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर घ्या. इंटरफेस चालू, त्यावरूनच तुम्ही एसएसएचने आत आलेले, तरी रकान्यात 0 असतो, कारण इंटरफेस चालू आहे म्हणून मॉड्यूलचा काउंट वाढत नाही, ड्रायव्हर काढायला घेतला की कर्नल इंटरफेस खाली आणतो आणि अनरजिस्टर करतो, डिझाइनच तसं आहे. मी नवीन असताना लांबच्या मशीनवर हे करून बसलोय, एंटर मारला आणि प्रॉम्प्ट काही परत आला नाही, सर्व्हर रूमची किल्ली ज्याच्याकडे तो वॉचमन जेवायला गेलेला. म्हणजे 0 चा अर्थ ‘कुणी वापरत नाही’ असा नाहीच.

आता उलटी बाजू, खरी गोम इथे आहे. कॅरेक्टर डिव्हाइसची (फाइलसारखं उघडून वाचता-लिहिता येणारं डिव्हाइस) फाइल कुणी उघडली, आणि फाइल ऑपरेशन्समध्ये ओनर (हा कोड कुठल्या मॉड्यूलचा ते) नीट भरलेला असला, तर काउंट 1 होतो आणि आरएममॉड ‘मॉड्यूल इज इन यूज’ म्हणून नकार देतो. छान. पण हा काउंट राखतो काय, तर मॉड्यूलचा कोड. डिव्हाइस राखत नाही, त्या डिव्हाइससाठी तुम्ही घेतलेली मेमरी तर नाहीच नाही. सिसएफएसमध्ये (कर्नलमधले डिव्हाइस आणि ड्रायव्हर फाइलींच्या रूपात दिसतात ती जागा) त्या ड्रायव्हरच्या फोल्डरात अनबाइंड नावाची, डिव्हाइस ड्रायव्हरपासून सोडवायची फाइल असते, तिच्यात डिव्हाइसचं नाव एको करा, काउंट 1 असो की 50, तुमचं रिमूव्ह चालणार म्हणजे चालणार. वायर हाताने ओढली तरी तेच. कोडचं आयुष्य वेगळं, डिव्हाइसचं वेगळं, आणि उघड्या फाइलचं तिसरंच, आणि हा मेसेज तिन्ही एकाच मापात मोजतो, पुढची तीन कलमं त्यामुळेच गंडलीत.

दुसरं कलम पटकन. रिमूव्हमधून ईबिझी दिला म्हणून कर्नल थांबत नाही, कधीच थांबत नव्हता, ड्रायव्हर कोअर ती व्हॅल्यू सरळ फेकून द्यायचा. लोकांचा गैरसमज इतका झाला की शेवटी रिटर्न टाइपच काढून टाकला: 2021 मध्ये आलेल्या कर्नल 5.15 मध्ये बस पातळीवरचं रिमूव्ह व्हॉइड (काहीच परत न करणारं) झालं, मग 6.1 ला आयस्क्वेअरसीचं, 6.11 ला प्लॅटफॉर्म ड्रायव्हरचं. यूएसबीचं डिसकनेक्ट आणि पीसीआयचं रिमूव्ह तर त्याच्याही आधीपासून व्हॉइड. जुन्या कर्नलवर असं मधूनच परत फिरलात तर वाईट हे, की तुमची उरलेली साफसफाई होत नाही पण डिव्हाइस मात्र गेलेलं असतं.

तिसरं, डेव्हएम. ही सोय 2007 मध्ये 2.6.21 ला आली आणि मी रोज वापरतो, त्यामुळे डेव्हएम वाईट असं मी म्हणत नाहीये. पण ते आपोआप नेमकं कधी होतं ते बघा: रिमूव्ह परत आल्यावर, आणि घेतलं त्याच्या उलट्या क्रमाने. समजा तुमच्या स्ट्रक्चरमध्येच सीडेव्ह (कॅरेक्टर डिव्हाइसची कर्नलमधली नोंद) बसवलाय आणि ते स्ट्रक्चर डेव्हएम केझेडअ‍ॅलॉकने घेतलंय. एका प्रोग्रामने फाइल उघडली, तुम्ही डिव्हाइस अनबाइंड केलं, रिमूव्हमध्ये सीडेव्ह-डेल बोलावलं. त्याने नवीन ओपन बंद होतात, पण जी फाइल आधीच उघडी आहे तिचे रीड, राइट, क्लोज पुढेही तुमच्याच फंक्शनात येत राहतात. रिमूव्ह संपलं, डेव्हएमने स्ट्रक्चर फ्री केलं, दहा मिनिटांनी त्या प्रोग्रामने फाइल बंद केली की तुमचं क्लोज त्या फ्री झालेल्या मेमरीत हात घालणार. भाडेकरू आत झोपलेला आणि मालकाने भिंत पाडली. ही मेमरी डेव्हएमने घ्यायचीच नाही, तिला केरेफ (किती जण वापरतायत ते मोजणारा काउंटर) लावायचा आणि शेवटचा जो कोणी बाहेर पडेल त्याने फ्री करायचं. यूएसबी ड्रायव्हरचा जो नमुना कर्नलच्या सोर्समध्येच ठेवलाय, यूएसबी-स्केलेटन, त्यात हेच केलंय, एकदा वाचा, छोटासाच आहे.

डेव्हएमचाच दुसरा सापळा म्हणजे इंटरप्ट, डिव्हाइसने सीपीयूला मारलेली हाक. आयआरक्यू (इंटरप्टची लाइन) डेव्हएमने मागितला आणि बफर मात्र रिमूव्हमध्ये हाताने फ्री केला, तर मधल्या वेळात इंटरप्ट अजून जिवंत आहे, हँडलर येतो आणि गेलेल्या बफरमध्ये लिहितो. शेअर्ड आयआरक्यू असेल तर शेजारच्या डिव्हाइसमुळेही हँडलर चालतो. डीबग-शेअर्ड-आयआरक्यू हा कॉन्फिग चालू केला तर आयआरक्यू सोडताना कर्नल मुद्दाम एक खोटा इंटरप्ट देऊन बघतो, नवीन ड्रायव्हर लिहिताय तर लावून ठेवाच.

चौथं, फ्लॅग. ‘गेलं’ आहे का बघितलं, नाही आलं, म्हणून पुढे गेलात, आणि त्या दोन ओळींच्या मधे दुसऱ्या सीपीयूवर रिमूव्ह येऊन गेलं. झालं की. फ्लॅगला लॉक हवा, किंवा डीआरएमवाल्यांसारखं (कर्नलमधला ग्राफिक्सचा भाग) एसआरसीयू: हार्डवेअरला हात लावण्याआधी एंटर, झाल्यावर एक्झिट, आणि अनप्लग करणारा आत असलेले सगळे बाहेर येईपर्यंत थांबतो. दुकान बंद करताना आधी शटर अर्धं ओढतात, आतल्या गिऱ्हाइकांचं आटपतात, मग दिवे घालवतात, एवढंच आहे ते.

आणि पीसीआय कार्ड खरंच उपटलं गेलं तर फ्लॅग लागायच्या आधीच तुमचे रीड फसतात. नसलेल्या डिव्हाइसवरून वाचलं की बहुतेक मशीनवर सगळे बिट 1 येतात. आता ‘बिझी बिट 1 आहे तोवर फिरत राहा’ असा लूप कुठे लिहिलाय का बघा. तो बिट आता कायमचा 1. सीपीयू तिथेच गरगरत राहणार, आणि रिमूव्ह त्या लूपची वाट बघत बसणार. लूपला टाइमआउट द्या आणि सगळे 1 आले तर डिव्हाइस आहे का ते आधी तपासा.

टायमरचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही! टायमर वर्कला (नंतर चालवायला रांगेत टाकलेलं काम) उठवतो, वर्क परत टायमर लावतं, आता आधी बंद कुणाला करणार? टायमर मारला तर वर्क तो परत लावतं, वर्क मारलं तर टायमर ते परत रांगेत टाकतो. यासाठी 6.2 मध्ये टायमर-शटडाउन-सिंक आलं, ते एकदा बोलावलं की पुढे कुणी टायमर लावायला गेलं तर कर्नल गुपचूप दुर्लक्ष करतो. मग वर्क कॅन्सल करा, गोल तुटला.

पाचवं कलम. आरएममॉड स्वतः बहुतेक वेळा डेव्हलपरचंच हत्यार आहे, मान्य, मॉड्यूल अनलोड न देताच कर्नल बिल्ड करता येतो हेही खरं. पण रिमूव्ह तेवढ्याने थोडंच टळतं. ड्रायव्हर कर्नलमध्येच बिल्ट-इन असला तरी यूएसबीची वायर निघते, थंडरबोल्टचा डॉक निघतो, ग्राफिक्स कार्ड व्हर्च्युअल मशीनला द्यायचं तर आधी होस्टच्या ड्रायव्हरपासून अनबाइंड करावं लागतं, आणि हे सगळं चालू मशीनवर होतं. तुमच्या डिव्हाइसला अनबाइंड करण्यात खरंच काही अर्थ नसेल तर सप्रेस-बाइंड-अ‍ॅट्रिब्यूट्स लावा, सिसएफएसमधल्या बाइंड-अनबाइंड फाइल दिसणारच नाहीत. ‘आमच्याकडे कोण काढतं’ म्हणण्यापेक्षा ते बरं.

आणि मेसेजच्या तळाशी ‘नाहीच निघाला तर फोर्स करा’ असंही एक शेपूट आहे. त्यासाठी कर्नल फोर्स-अनलोड देऊन बिल्ड केलेला लागतो, आणि वापरलंत की कर्नलला आर हा टेंट (‘याच्याशी छेडछाड झालीय’ अशी खूण) लागतो, पुढचा क्रॅश कुणी गंभीरपणे बघत नाही, बरोबरच आहे त्यांचं.

पटत नसेल तर केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) चालू असलेला कर्नल घ्या, व्हर्च्युअल मशीनमध्ये, कामाच्या लॅपटॉपवर नको. एका टर्मिनलमध्ये तुमची डिव्हाइस फाइल उघडून स्लीप लावा, दुसऱ्यातून अनबाइंड करा, मग पहिल्यात कंट्रोल-सी. माझ्या ड्रायव्हरला, जो मी दोन वर्षं ‘एकदम क्लीन’ म्हणून मिरवत होतो, पहिल्याच कंट्रोल-सीला यूज-आफ्टर-फ्री (फ्री झालेल्या मेमरीत हात घातल्याचा एरर) आला, क्लोजच्या तिसऱ्या ओळीत.