मुक्या जिवाची भीती आणि 'शून्य अपाय' वाले पाच उपाय

"तुमचं कुत्रं किंवा मांजर घाबरट आहे? डॉक्टरकडे नेऊ नका. हे पाच नैसर्गिक उपाय करा, अपाय शून्य!" हा संदेश मला आतापर्यंत अनेकांकडून आला. पाठवणाऱ्या प्रत्येकाचा आपल्या जनावरावर जीव आहे हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच गप्प राहवत नाही. त्यातला एकेक उपाय घेते.

"खोलीत डिफ्युझर लावा, त्यात लव्हेंडर किंवा टी ट्री तेलाचे थेंब टाका."

पाचांतला सगळ्यात घातक सल्ला हाच. डिफ्युझर म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणारं यंत्र. वनस्पतींच्या अशा सुगंधी तेलांत फिनॉलसारखी द्रव्यं असतात. ती निकामी करून शरीराबाहेर टाकण्याचं बरंचसं काम यकृतातली ग्लुकुरोनिडेशन ही प्रक्रिया करते आणि मांजरांमध्ये ती फार दुबळी असते. आपल्याला सहज पचतं ते त्यांच्या अंगात साचत जातं. शिवाय डिफ्युझरमधून उडालेले बारीक कण मांजराच्या केसांवर बसतात आणि मांजर दिवसभर अंग चाटत असतं, म्हणजे तेल थेट पोटात. लाळ गळणं, थरथर, चालताना तोल जाणं ही विषबाधेची लक्षणं आहेत. टी ट्री तेल तर कुत्र्यांनाही विषारी आहे. लव्हेंडरच्या वासाने गाडीतून जाताना कुत्री शांत बसली, असं 2006 च्या एका अभ्यासात दिसलं होतं हे खरं. पण तो अभ्यास कुत्र्यांवरचा होता, त्याच्या जोरावर मांजराच्या खोलीत तेल सोडता येत नाही. आणि ज्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण, त्याला बंद खोलीत त्या वासापासून दूर जाताही येत नाही.

"घाबरलं की लक्ष देऊ नका, कुरवाळलंत तर भीती वाढते."

बक्षीस मिळालं की कृती वाढते, हे खरं आहे. पण भीती ही कृती नाही, भावना आहे. मेघगर्जनेला घाबरलेलं कुत्रं तुमच्या कुशीत आलं आणि तुम्ही त्याच्या पाठीवर हात ठेवलात, तर पुढच्या वेळी ते मुद्दाम जास्त घाबरत नाही. जवळ यायचं असेल तर येऊ द्या, लपायचं असेल तर लपू द्या. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांवर झालेल्या 2014 च्या अभ्यासात, ज्यांना लपायला खोकं मिळालं ती लवकर रुळली. माझ्याकडे पूर्वी एक मांजर होतं, पाहुणे आले की पलंगाखाली जायचं. 'सवय होईल' म्हणून मी त्याला ओढून बाहेर काढायचे. काही दिवसांत ते माझाही हात चुकवायला लागलं. आज वाटतं, एक साधं खोकं ठेवलं असतं तर!

"फटाक्यांचा आवाज मोठ्याने लावून ठेवा, भीती मोडते."

भीती मोडत नाही, जनावर हरतं. ते निपचित पडतं आणि आपण त्याला शांत झालं म्हणतो. 1924 मध्ये मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती घालवली, ती ससा दूर ठेवून, मुलाला आवडीचा खाऊ देत, हळूहळू अंतर कमी करत. घरातही हीच वाट आहे. ध्वनिमुद्रित आवाज इतका बारीक ठेवा की कुत्र्याचे फक्त कान टवकारतील. आवाज आला की लगेच त्याचा सगळ्यात आवडता खाऊ. काही मिनिटांत थांबा. त्याने खाऊ नाकारला, तोंड फिरवून ओठ चाटले किंवा उगाच जांभया दिल्या, तर तुम्ही घाई केलीत, आवाज कमी करा. याला आठवडे लागतात. म्हणून हे फटाक्यांच्या रात्री नव्हे, एरवी शांत दिवशी सुरू करायचं.

"माणसांच्या झोपेच्या वनौषधी गोळ्या थोड्या प्रमाणात चालतात."

नाही चालत. चघळायच्या अशा काही गोळ्यांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो. कुत्र्यांमध्ये त्याने रक्तातली साखर झपाट्याने घसरते आणि यकृतही निकामी होऊ शकतं.

"डॉक्टरांच्या औषधाने जनावर नुसतं बधिर होतं."

या समजाला जुना आधार आहे. अ‍ॅसेप्रोमाझिन हे गुंगीचं औषध एकटं दिलं तर अंग ढिलं पडतं, पण आतली भीती तशीच राहू शकते. आता मात्र भीतीवरच काम करणारी औषधं आहेत, आणि तीव्र भीतीत त्यांच्यामुळे जनावर शिकण्याइतकं स्थिर होतं. दवाखान्यात जायचं दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे दुखणं. 2018 मध्ये आवाजाला घाबरणाऱ्या कुत्र्यांच्या एका छोट्या अभ्यासात, काहींच्या भीतीमागे स्नायू-सांध्यांचं दुखणं असल्याचं दिसलं. त्यावर उपचार झाल्यावर बहुतेकांची भीतीही कमी झाली.

बोका पुन्हा पुन्हा शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याला शांत करत बसू नका. ताणातून मूत्राशयाला सूज येऊन मूत्रमार्ग बंद होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी त्याच घटकेला दवाखाना गाठा.