उलट क्रमाने बसवावे

आमच्या गाडीचा गिअर टाकणं म्हणजे पिठलं ढवळण्यासारखं झालं होतं. पंधरा वर्षांची हॅचबॅक, एक लाख बारा हजार किलोमीटर पळालेली. न्यूट्रलमध्ये दांडा नुसता धरला तरी डावीकडून उजवीकडे डुलायचा. तिसरा गिअर शोधायची घरात प्रत्येकाची पद्धत वेगळी होती. बायको दांडा आधी थोडा स्वतःकडे ओढायची, मग मनात काहीतरी पुटपुटून पुढे ढकलायची. मी तो मध्ये सोडून द्यायचो आणि स्प्रिंगच्या मर्जीने पुढे सरकवायचो. मुलगा नुकताच शिकलेला. तो दांड्याकडे बघायचा आणि तोपर्यंत रस्त्याकडे मी बघायचो.

दुखणं साधं होतं. अशा गाडीत दांडा गिअरबॉक्सला थेट जोडलेला नसतो. मधे दोन केबल असतात. शिफ्ट केबल मागे-पुढे काम करते, सिलेक्ट केबल डावं-उजवं सांभाळते. त्यांच्या टोकांना अंगठीएवढी रबरी बुशं, म्हणजे गोल कड्या असतात. ती झिजली की हाताने सांगितलेलं गिअरबॉक्सपर्यंत अर्धंच पोचतं. मेकॅनिक म्हणाला, "बूश गेलेत साहेब. टाकून देऊ?" मी 'टाका' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

'बघतो' म्हणणारा माणूस घरी जाऊन व्हिडिओ बघतो. तिसऱ्या व्हिडिओत मला शॉर्ट शिफ्टर भेटला. दांड्याचा टेकू आणि केबल यांमधली खालची बाजू लांब करायची, की हात थोडा हलवला तरी केबल जास्त हलते. गिअर 'खट्' करून पडतो. व्हिडिओतल्या पोराचं मनगट नुसतं लवत होतं. माझा खांद्यापासून हात जातो. मागवून टाकला.

बुशांसाठी पुण्याच्या नाना पेठेत गेलो. दुकानदाराने मान वर न करता सांगितलं, "सुटं बूश येत नाही. पूर्ण केबल घ्यावी लागेल." अंगठीसाठी आख्खा हात विकत घ्यायचा हा प्रकार मला पटला नाही. जुनी बुशं काढून भोसरीच्या एका लेथवाल्याकडे नेली. त्याने व्हर्नियर लावला, वहीत आकडे लिहिले आणि विचारलं, "फिट कसा ठेवू?"

"म्हणजे?"

"सैल का घट्ट?"

"मध्यम," मी म्हणालो.

"साहेब, चहात साखर नाही टाकायची," तो म्हणाला. मग त्याने त्याच्या मताने दोन पितळी आणि दोन डेलरिन नावाच्या कडक प्लास्टिकची करून दिली. फार सुंदर काम. ती बुशं मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो आणि ऑफिसात लोकांना दाखवली. एकाने विचारलं, "नळाचं आहे का?"

रविवारी सकाळी नऊला पार्किंगमध्ये चटई टाकली. आमची जागा अशी, की गाडीचं तोंड भिंतीला. हा तपशील लक्षात ठेवा, मी ठेवला नव्हता. हत्यारं म्हणजे जुन्या बाजारात घेतलेला गोटी पान्यांचा डबा. लोकांचा दहा नंबर हरवतो म्हणे. माझ्या डब्यात ती जागा घेतानाच रिकामी होती. शिफ्टरबरोबर एक कागद आला होता. त्यावर चौदा पायऱ्या काढायच्या होत्या आणि पंधरावी अशी: "उलट क्रमाने बसवावे."

दांड्यावरचा गोळा फिरवून निघाला. मधलं कन्सोल मात्र चार स्क्रूंनी आणि एका न दिसणाऱ्या लॉकने धरलेलं होतं. ते लॉक मला सापडलं तेव्हा ते तुटलेलं होतं. कन्सोलखाली सतरा रुपये, चिक्कीचा चुरा, टोलची पावती आणि एक सोन्याची कुडी. ही कुडी बायकोची, मेहुणीच्या लग्नात हरवलेली. तिच्यासाठी तेव्हा कार्यालयातल्या सगळ्या गाद्या झटकल्या होत्या आणि एका निष्पाप वाढप्यावर आठवडाभर संशय घेतला होता. मी धावत वर गेलो. बायकोने कुडी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "दुसरी मागच्या दिवाळीत मोडीत दिली."

खाली आलो तर तिसऱ्या मजल्यावरचे काका चटईशेजारी उभे. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण समोर माणूस वाकलेला दिसला की त्यांना तो बाकावर बसलेला वाटतो.

"ही कोणती तरफ?"

"काका, गिअर आहे."

"पहिल्या प्रकारची. टेकू मधे, बल एका टोकाला, भार दुसऱ्या. तू अंतर किती कमी करतोयस?"

"तीस टक्के."

"मग जोर त्रेचाळीस टक्के जास्त लागणार. एक भागिले शून्य पॉइंट सात. काही फुकट मिळत नाही." एवढं बोलून ते गेले नाहीत. दुपारच्या वामकुक्षीपर्यंत तिथेच खुर्ची टाकून बसले.

गिअरबॉक्सकडचं टोक बॅटरी आणि एअर फिल्टरच्या डब्याखाली. म्हणजे आधी ते काढा. त्यात अकराला गाडीतलं घड्याळ बंद पडलं. बॅटरी परत जोडली तेव्हा ते एकवर आलं, खरे अडीच वाजले होते, त्यामुळे उशिराचं भान दीड तास उशिरा आलं. केबलवरचं घोड्याच्या नालेसारखं लॉक पक्कडीने ओढलं, ते उडालं आणि खालच्या ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर 'टिण्' असा आवाज झाला. त्यानंतर दुसरा आवाज झाला नाही. पडलेली वस्तू जमिनीवर पोचली नाही याचा तो आवाज. पाऊण तास. काकांनी टॉर्च धरला, पण माझ्या डोळ्यांवर.

आता चुकीकडे येतो. सिलेक्ट केबलच्या टोकाला लांबी जुळवायचं एक पांढरं लॉक असतं. कागदात ते उघडायला कुठेही सांगितलेलं नव्हतं. मी उघडलं. का, तर ते उघडत होतं.

अडीच वाजता सगळं उलट क्रमाने बसलं. बंद गाडीत बसून पहिला टाकला. खट्! दुसरा, खट्! तिसरा तर न शोधता सापडला. मी एकटाच हसलो. मग पाचवा टाकायला गेलो, दांडा उजवीकडे जाईचना. पाचव्याच्या खाली रिव्हर्स, तोही गेला. सिलेक्ट केबल काही मिलिमीटर आखूड पकडली गेली होती, त्यामुळे दांड्याला उजवी गल्लीच उरली नव्हती. पाचवा नाही याचं दुःख नव्हतं. सिंहगड रोडवर पाचवा गिअर हा ऐकीव विषय आहे. पण समोर भिंत होती.

पाचला चिंचवडला डोहाळजेवण. "रिक्षाने जाऊ," मी म्हणालो. बायकोने अंगावरची पैठणी आणि हातातला ओटीचा डबा यांच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. वॉचमनला बोलावलं. भिंत आणि बॉनेटमध्ये जेमतेम फूटभर फट, त्यात मावेल असा सोसायटीत तो एकच. तो आत सरकला, पाठ भिंतीला लावली, तळवे बॉनेटवर ठेवले. मी खिडकीतून स्टिअरिंग धरलं. मुलगा दाराला टेकला. "बल लावा!" काका खुर्चीतूनच म्हणाले. गाडी बाहेर आली.

त्या दिवशी मला कळलं, रिव्हर्स नसलेला माणूस शहर कसं बघतो. प्रत्येक वळणाआधी मी पुढचा रस्ता कुठे निघतो याचा विचार करत होतो. 'पुढे रस्ता बंद' ही पाटी वाचून पोटात गोळा आला. समोर टेम्पो आडवा आला आणि त्याने हात करून 'मागे घ्या' सांगितलं. मी हात जोडले. त्याला वाटलं मी उपरोधाने जोडतोय. त्याने जे उत्तर दिलं ते ओटीच्या डब्यासमोर द्यायला नको होतं.

यजमानांचं घर बोळात होतं. गाडी मी हमरस्त्याला लावली आणि आम्ही चालत गेलो. बायको पैठणीचा घोळ धरून पुढे, मी डबा घेऊन मागे. परतताना गाडीने आणखी एक गोष्ट सांगितली. रबर धक्का आणि थरथर पिऊन टाकतं, पितळ सगळं हाताशी आणून देतं. इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर फिरलं की दांडा गुणगुणायला लागला. "हे काय, दाढीचं मशीन बसवलंयस?" बायको म्हणाली. संध्याकाळपासूनचं ते तिचं पहिलं वाक्य.

सोमवारी गाडी गॅरेजला नेली. तिथल्या विशीतल्या पोराने दांडा न्यूट्रलला आणला, खालच्या भोकात एक खिळा घातला, पांढरं लॉक उघडून सोडलं, पुन्हा दाबलं, खिळा काढला. चार मिनिटं. "बूश कुणी बनवली? लई भारी," तो म्हणाला. पन्नास रुपये घेतले.

आता रिव्हर्स पडतो, पाचवाही पडतो. जोर लागतो, काकांचा हिशेब बरोबर होता हे मी त्यांना सांगितलेलं नाही. अडचण एकच राहिली आहे. सकाळी मी किल्ली घेऊन खाली आलो, की वॉचमन खुर्चीवरून उठतो, काही न बोलता भिंत आणि बॉनेटच्या फटीत शिरतो आणि दोन्ही तळवे टेकवून उभा राहतो. तो बाजूला झाल्याशिवाय मी गाडी चालू करत नाही. आणि गाडी मागे सरकल्याशिवाय तो बाजूला व्हायला तयार नाही.